मी चुकलो, वाचकहो!

दात घासता घासता वर्तमानपत्र वाचायची सवय लिफ्ट तपासनिसाला लग्नाआधीपासून होती. त्या सवयीने आजवर त्याचे काही वाकडे केले नव्हते. त्या बुधवारी मात्र क्रीडापान उघडताच त्याने तोंडातली सगळी पेस्ट गिळून टाकली.

पानाच्या डाव्या कडेला, नेहमीच्या जागी, त्याच्या सासऱ्यांचा फोटो होता. फोटोखाली त्यांचे नाव होते आणि वर 'अंतिम शिट्टी' हे एकतीस वर्षे चालत आलेले सदराचे नाव होते. सगळे जागच्या जागी होते. फक्त खालचा मजकूर सासऱ्यांचा नव्हता, तपासनिसाचा होता. आणि त्या मजकुरावर कुणीतरी ठसठशीत अक्षरांत मथळा चढवला होता : 'मी चुकलो, वाचकहो!'

"अगं!" तो बाथरूममधून ओरडला. "अगं, लवकर ये!"

"काय झालं? पाणी गेलं का?" बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारले.

"पाणी आहे. मी गेलो!"

झाले होते ते असे. सासरे शहरातले सगळ्यात जुने फुटबॉल-समीक्षक. सोमवारी त्यांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. उजवा डोळा आधीपासूनच नावापुरता होता. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारपर्यंत पट्टी ठेवायला सांगितली आणि वाचणे, लिहिणे, वाकणे आणि चिडणे या चारही गोष्टींना मनाई केली. त्यामुळे या आठवड्याचे सदर सासऱ्यांनी सांगायचे आणि जावयाने टाइप करून पाठवायचे असे ठरले. सासरे त्याच इमारतीत दोन मजले वर राहत. तपासनीस मंगळवारी ऑफिसातून आला आणि जिन्याने वर गेला. लिफ्टने तो कधीच जात नसे, कारण त्या इमारतीची लिफ्ट त्याने स्वतः तपासली होती.

सासऱ्यांनी पलंगावर पडल्या पडल्या आवेशाने सांगायला सुरुवात केली. रविवारी संघ दोन गोलने हरला होता. पहिल्या परिच्छेदात सासरे म्हणाले, की या संघाकडे कसलीही योजना नव्हती. चौथ्यात म्हणाले, की प्रशिक्षकाची योजना साफ फसली. तपासनिसाची बोटे थांबली.

"बाबा, योजना नव्हती असं वर म्हटलंय आपण."

"मग?"

"मग जी नव्हतीच, ती फसली कशी?"

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "तुम्ही टाइप करा."

त्याने टाइप केले. पण घरी येऊन लेख पाठवण्याआधी त्याला राहवेना. त्याचा धंदाच तसा होता. लिफ्ट वर जाते किंवा खाली येते. दोन्ही एकदम करणाऱ्या लिफ्टला तो लाल पट्टी लावत असे. सासऱ्यांची सगळी जुनी सदरे त्याला पाठ होती, कारण दर रविवारी जेवताना ती त्याला ऐकावी लागत. तेव्हा त्याने दुसरी फाईल उघडली आणि सासऱ्यांनी एकदा तरी जे लिहायला हवे असे त्याला वाटत होते, ते त्यांच्याच नावाने, 'मी' 'मी' करत, मुद्द्यांना आकडे घालून लिहून काढले. कुणाला दाखवायला नव्हे, नुसते मन मोकळे करायला. एका फाईलचे नाव होते 'शिट्टी' आणि दुसरीचे 'शिट्टी खरी'. रात्रीच्या जेवणाची हाक आली तेव्हा त्याने घाईत एक फाईल वर्तमानपत्राला पाठवून दिली.

आता वाचकांनाच विचारले असते, की यांतली खरी कोणती, तर त्यांनीही 'शिट्टी खरी'च पाठवली असती.

बायको हात पुसत आली आणि तिने तिथेच, बाथरूमच्या दारात, मोठ्याने वाचायला घेतले. "'मुद्दा पहिला. जानेवारीत मी लिहिलं, की कर्णधाराचा अनुभव हीच संघाची दौलत. फेब्रुवारीत मी लिहिलं, की हे म्हातारे पाय किती दिवस ओढायचे. मध्ये अठरा दिवस गेले. अठरा दिवसांत माणूस एवढा म्हातारा होत नाही. मुद्दा दुसरा. संघ जिंकला तेव्हा तेच अकरा खेळाडू खेळवणं हा प्रशिक्षकाचा धीर होता. हरला तेव्हा तो हट्ट झाला. मुद्दा तिसरा. आकड्यांनी फुटबॉल कळत नाही, असं मी म्हणतो आणि पुढच्याच ओळीत सत्तेचाळीस टक्के, एकोणीस फटके, असे आकडे देतो. मुद्दा चौथा. गोलरक्षक पुढे आला आणि चेंडू अडला, तर ते धाडस. अडला नाही, तर तो जागा सोडून भटकतो...'" ती थांबली. "हे बाबांनी लिहिलं?"

"मी लिहिलं."

"बाबांच्या नावाने?"

"चुकून."

"चुकून चार मुद्दे?"

"सात आहेत," तो खोल आवाजात म्हणाला.

बायको औषधांच्या दुकानात काम करत असे आणि डॉक्टरांच्या सूचना तिच्यासाठी दगडावरची रेघ होती. तिने वर्तमानपत्राची घडी घातली. "हे बघ. डोळ्यावरचा ताण वाढला तर सगळं ऑपरेशन फुकट जाईल. त्यांना चिडू द्यायचं नाही. मंगळवारी पट्टी निघेपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं. मग पाय धर, नाहीतर देशोधडीला लाग. तुझं तू बघ."

"पण ते आत्ता मला लेख वाचून दाखवायला सांगणार!"

"मग दाखव. पाठ आहे ना तुला?"

तो वर गेला तेव्हा सासरे उशीला टेकून, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आणि हनुवटी वर, अशा थाटात वाटच पाहत होते. सासूबाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या.

"या जावईबापू! वाचा. मथळा काय दिलाय?"

तपासनिसाने पान उघडले. 'मी चुकलो, वाचकहो!' त्याच्याकडे बघत होते. "मथळा... 'चुकला'... 'प्रशिक्षक चुकला!'"

"छान. पुढे?"

पुढचे त्याने आठवून आठवून म्हटले. घामाने कागद बोटांना चिकटत होता. योजना नव्हती, योजना फसली, बचावफळी झोपली, सगळे यथासांग झाले. शेवटी तो 'या प्रशिक्षकाला हाकला!!!' इथे आला.

"थांबा. उद्गारचिन्हं किती?"

"तीन."

"मी दोन सांगितली होती."

"छापणाऱ्यांनी वाढवलं असेल एखादं."

"त्यांना काय, त्यांच्या बापाचं काय जातं," सासरे म्हणाले, पण खूश दिसले. तपासनीस सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच उशीजवळचा फोन वाजला. सासऱ्यांना दिसत नसल्यामुळे तो स्पीकरवर लावलेला असे. तपासनिसाने झडप घालून उचलला, स्पीकर बंद केला आणि गॅलरीत पळाला.

"साहेब, नमस्कार!" क्रीडासंपादक बाईंचा आवाज होता. "काय लिहिलंत हो! मला तर भरून आलं."

"मी त्यांचा जावई बोलतोय. त्यांना बोलायला मना आहे."

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय ना?"

"हो, पण... बोलताना भुवया हलतात."

बाईंना ते पटले. त्या म्हणाल्या, की सकाळपासून पाचशे वाचकांचे निरोप आले आहेत. एकतीस वर्षांत कुठल्याच समीक्षकाने स्वतःचे असे वाभाडे काढले नव्हते. तपासनिसाने हिय्या केला. निदान या बाईंना तरी खरे सांगून टाकावे, म्हणजे उद्याच्या अंकात खुलासा येईल.

"बाई, एक सांगायचं होतं. तो लेख खरं म्हणजे..."

"थांबा, आधी माझं ऐका. साहेबांना सांगू नका. हे सदर या महिन्यात बंद करायचं ठरलं होतं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं तेच ते. निरोपाचं पत्र माझ्या टेबलावर तयार होतं. आज सकाळी मी ते फाडलं. हं, तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही," तपासनीस म्हणाला. "लेख खरं म्हणजे फार मनापासून लिहिलाय."

"ते दिसतंच. रविवारच्या सामन्यावरही असाच हवा. सोमवारी पहिल्या पानावर जागा ठेवलीय."

तो आत आला. सासऱ्यांनी विचारले, "कोण होतं?"

"बाई. लेख आवडला म्हणाल्या."

"आवडणारच!"

साडेनऊ वाजता दाराची घंटा वाजली. सासूबाईंनी दार उघडले आणि साडेसहा फूट उंचीचा, दारात वाकून शिरणारा एक माणूस फुलांचा गुच्छ घेऊन आत आला. तपासनिसाने त्याला टीव्हीवर शेकडो वेळा पाहिले होते. तो संघाचा प्रशिक्षक होता. तपासनीस भिंतीला धरून उभा राहिला.

"साहेब," प्रशिक्षक पलंगाशी येऊन जड आवाजात म्हणाला, "आज सकाळी तुमचा लेख वाचला. आमच्या घरी सगळे रडले."

आवाजावरून सासऱ्यांनी माणूस ओळखला होता. मग ते सावरून म्हणाले, "रडणारच. माझी लेखणी कुणाची भीड ठेवत नाही."

"अगदी खरं. तीन वर्षांत इतकं न्यायाचं कुणी लिहिलं नव्हतं."

"तुम्हाला... पटलं?"

"शब्द न् शब्द पटला. बायकोने कापून कपाटाच्या दारावर लावला."

सासऱ्यांनी पट्टीखालून जावयाच्या दिशेने तोंड वळवले. तपासनीस कोपऱ्यातल्या टेबलावरची औषधे उगाच उंचीप्रमाणे लावू लागला.

"म्हणजे आता तुम्ही जाताय?" सासऱ्यांनी विचारले.

"हो, निघतोच. अकराला सराव आहे."

"तसं नव्हे. कायमचे?"

"ते उद्याच्या कार्यकारिणीत ठरेल. पण तुम्ही असं लिहिल्यावर आता ते मला नाही घालवणार." प्रशिक्षकाने सासऱ्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमचे उपकार विसरणार नाही. बरे व्हा."

तो गेल्यावर सासूबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मग सासरे भारावल्यासारखे म्हणाले, "काय माणूस आहे! मी जाहीर हाकला म्हणतो आणि हा फुलं घेऊन येतो. जावईबापू, अशा माणसाला हाकलणं पाप आहे."

"पण बाबा, आपण आजच तर..."

"आजचं आज झालं. तुम्ही ऑफिसला जा, उशीर होईल."

तपासनीस गेला. गुरुवारी कार्यकारिणीने प्रशिक्षकाला मुदतवाढ दिली. 'ज्येष्ठ समीक्षकांच्या परखड लेखाचा मान राखून' असे रेडिओवर सांगितले गेले. ते ऐकून तपासनिसाचे उरलेसुरले धाबे दणाणले. पण सासरे फक्त एवढेच म्हणाले, "लेखाचा परिणाम झाला म्हणायचा. जावईबापू, तो पुन्हा एकदा वाचा पाहू."

त्याने वाचला. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा वाचायला लावला. शनिवारी सकाळीही. दर वेळी तपासनीस तोच वर्तमानपत्राचा कागद धरून, भलतेच काहीतरी पाठ म्हणत असे आणि दर वेळी सासरे मध्येच थांबवत. "काल 'बचावफळी झोपली' होतं. आज 'पेंगली' कशी?" किंवा "तिसरा परिच्छेद आज जरा आखूड वाटला." तपासनिसाने शेवटी आपण रचलेला मजकूर कागदावर उतरवून वर्तमानपत्राच्या आत ठेवला. त्याची भूक गेली. ऑफिसात त्याने एका दवाखान्याच्या इमारतीच्या तपासणी-अहवालात लिहिले, 'लिफ्ट पूर्णपणे सुरक्षित आहे, तरी कृपया वापरू नये.' साहेबांनी तो अहवाल परत पाठवला.

"तू बारीक झालायस," बायको म्हणाली.

"मंगळवारनंतर दिसणारच नाही."

शनिवारी दुपारी सासऱ्यांनी त्याला बोलावून घेतले. "उद्याचा सामना आहे. मला जाता येणार नाही. माझ्या जागेवर तुम्ही बसा आणि तुम्हीच लिहा."

"मी? बाबा, मी लिफ्ट तपासतो."

"म्हणूनच. तुमची नजर पक्की. जे दिसेल ते लिहायचं, आधी एक नंतर दुसरं असं काही करायचं नाही. माझ्या नावावर जाईल. जमेल ना?"

तपासनिसाला हे ऐकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडे बरे वाटले. निदान एक लेख तरी या सदरात असा येईल, की ज्यातले पहिले वाक्य शेवटच्या वाक्याला ओळख देईल. त्याने रविवारी सकाळी दोन पेन्सिली टोकदार केल्या आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज केला.

पत्रकारांचा कक्ष मैदानाच्या वर, छपराला लागून होता. अरुंद बाकावर सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते. तपासनिसाच्या शेजारी दुसऱ्या वर्तमानपत्राचा एक जाड चष्म्याचा बातमीदार होता. त्याने सासऱ्यांच्या जागेवर नवा माणूस बघून सरकून जागा दिली आणि विचारले, "पहिलीच वेळ? लेख कधी द्यायचाय?"

"सामना संपला की लगेच. रविवारी पान लवकर छपाईला सोडतात म्हणाल्या बाई."

"मग आत्तापासून लिहायला लागा."

"अजून सामना सुरू व्हायचाय."

चष्मेवाला नुसता हसला.

विसाव्या मिनिटाला पाहुण्या संघाने गोल केला. त्यानंतर घरच्या संघाने काहीही केले नाही. चौतीस वर्षांचा कर्णधार धापा टाकत मैदानभर चालत होता. गोलरक्षक दोनदा उगाच पुढे धावला आणि दोनदा नशिबाने वाचला. मध्यंतरानंतरही तेच. तपासनीस एकेक गोष्ट टिपत, विचार करत, वाक्ये बांधत गेला. सत्तराव्या मिनिटाला त्याचा लेख जवळजवळ तयार होता आणि तो सुरेख होता. त्यात दुसऱ्या परिच्छेदात म्हटले होते, की कर्णधाराला आता सन्मानाने घरी बसवावे. तिसऱ्यात होते, की जागा सोडणारा गोलरक्षक हा गोलरक्षक नव्हे. चौथ्यात होते, की प्रशिक्षकाला दिलेली मुदतवाढ ही चूक होती. आणि मग, कुणाला शंका नको म्हणून, त्याने पाचव्यात लिहिले, 'ही विधाने मी पूर्ण विचारांती करत आहे आणि ती बदलणार नाहीत.' ते वाक्य त्याला इतके आवडले, की त्याने ते दोनदा वाचले.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कर्णधाराने पंचवीस यार्डांवरून असा फटका मारला, की चेंडू जाळ्यात कधी गेला हे कुणालाच दिसले नाही. एक-एक.

सगळे मैदान उठून उभे राहिले. तपासनीस बसून राहिला. फोन थरथरला. "लेख कुठाय?" क्रीडासंपादक बाई ओरडत होत्या. "आठ मिनिटांत पान सोडायचंय!"

"आत्ताच गोल झालाय!"

"मग लिहा ना तो!"

त्याने पहिला परिच्छेद उडवला आणि नवा लिहायला घेतला. 'अनुभव कशाला म्हणतात ते आज कर्णधाराने दाखवले.' आता दुसरा बदलायचा होता. तो दुसऱ्याशी पोचतो न पोचतो, तोच जादा वेळाच्या तिसऱ्या मिनिटाला घरच्या संघाला कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक आपला गोल मोकळा टाकून शंभर यार्ड धावत पुढे आला.

"अरे, परत जा!" तपासनीस एवढ्या जोराने ओरडला, की पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिले.

चेंडू आला, दोघांच्या डोक्यांना लागला, तिसऱ्याच्या गुडघ्याला लागला आणि गोलरक्षकाच्या पाठीवरून आत गेला. दोन-एक. पंचांनी शिट्टी फुंकली.

"पाठवा!" फोनमधून आवाज आला. "पाठवा, पाठवा, पाठवा!"

"तीन परिच्छेद राहिलेत!"

"पान चाललं! आहे तसा पाठवा!"

पहिल्या परिच्छेदात गोलरक्षकाच्या धाडसाबद्दल एक आणि प्रशिक्षकाच्या धीराबद्दल एक वाक्य त्याने कसेबसे कोंबले, डोळे मिटले आणि पाठवले. शेजारी चष्मेवाला कपाळावरचा घाम पुसत आपला लॅपटॉप बंद करत होता.

"तुमचं जुळलं का?" तपासनिसाने विचारले.

"काय?"

"वरचं आणि खालचं."

"आता उद्या सकाळी बघायचं," चष्मेवाला म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

सोमवारी सकाळी तपासनिसाने दात घासलेच नाहीत. आधी वर्तमानपत्र उघडले. पहिल्या पानावर, सासऱ्यांच्या फोटोखाली, कर्णधार पहिल्या परिच्छेदात दौलत होता आणि दुसऱ्या परिच्छेदात घरी बसला होता. गोलरक्षक वर धाडसी होता, खाली गोलरक्षकच नव्हता. धीरोदात्त प्रशिक्षकाची मुदतवाढ ही चूक होती. आणि सगळ्यांत शेवटी, एका चौकटीत, ठळक अक्षरांत, 'ही विधाने बदलणार नाहीत.'

बायकोने वाचले, पुन्हा वाचले आणि एवढेच विचारले, "हेही चुकून?"

"नाही," तो म्हणाला. "हे मी नीट विचार करून लिहिलं."

दुपारपर्यंत वाचकांचे निरोप यायला लागले. एकाने तर सहा मुद्दे काढून, त्यांना आकडे घालून पाठवले होते. ते बाईंनी मुद्दाम फोनवर वाचून दाखवले. तपासनिसाने ते मुकाट ऐकून घेतले. प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि हा माणूस कोण आहे, त्याला घरी कामधंदा नाही काय, असे त्याच्या मनात आले.

मंगळवारी साडेदहाला दवाखान्यात पट्टी निघाली. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि ऑपरेशन उत्तम झाल्याचे सांगितले. घरी येईपर्यंत सासरे रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. तपासनीस मागच्या सीटवर, माप घ्यायला आणलेल्या माणसासारखा ताठ बसला होता. घरात शिरल्या शिरल्या सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

"बुधवारचा आणि सोमवारचा अंक द्या."

तपासनिसाने दोन्ही दिले. बायको आतल्या दारात उभी राहिली. सासऱ्यांनी आधी बुधवारचा वाचला. सावकाश, बोट ठेवून, सातही मुद्दे. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. तपासनिसाला वाटले, आता आपण स्वतःच सांगावे, म्हणजे निदान शिक्षा थोडी कमी होईल.

"बाबा, तो लेख मी... म्हणजे दोन फायली होत्या, आणि..."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"प्रशिक्षक गेला त्याच दुपारी तुमच्या सासूबाईंकडून वाचून घेतला. मी हाकला म्हटल्यावर कोण फुलं आणतं? एवढं मला कळतं."

तपासनिसाने सासूबाईंकडे पाहिले. त्या शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"म्हणजे गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मला वाचायला लावलंत ते..."

"मजा येत होती," सासरे म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "पहिल्या दिवशी नाही आली. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. योजना नव्हती आणि योजना फसली. एकतीस वर्षं हेच लिहिलं आणि कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत, तर मी म्हटलं तुम्ही टाइप करा."

तपासनिसाने सोमवारचा अंक हळूच त्यांच्यापासून दूर सरकवला.

सासऱ्यांनी सोमवारचा अंक उचलला. पहिला परिच्छेद वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याशी त्यांचे खांदे हलायला लागले. 'बदलणार नाहीत' या चौकटीशी आल्यावर ते असे हसले, की सासूबाई ओरडल्या, "अहो, डोळा! डोळा सांभाळा!"

"आपला पहिला गोल कितव्या मिनिटाला?" सासऱ्यांनी डोळे टिपत विचारले.

"सत्त्याऐंशीव्या."

"आणि पान सोडायला किती वेळ होता?"

"आठ मिनिटं. त्यात दुसरा गोल."

"पाठीवरून?"

"पाठीवरून."

सासऱ्यांनी मान हलवली. तशी मान फक्त त्याच बाकावर बसलेली माणसे एकमेकांसाठी हलवतात. "बसा जावईबापू. उभे का?"

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी सासऱ्यांनी स्वतः उचलला. क्रीडासंपादक बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. वाचकांनी भंडावून सोडले होते. बुधवारी साहेब सांगतात, की असे उलटसुलट पुन्हा लिहिणार नाही, आणि सोमवारी सहा ठिकाणी तेच करतात. लोकांना खुलासा हवा आहे. साहेबांचे खरे मत कोणते, वरचे की खालचे?

सासऱ्यांनी फोनवर हात ठेवला आणि जावयाकडे पाहिले. "बोला. वरचं की खालचं?"

तपासनिसाने ओठ ओले केले. आयुष्यात त्याने या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर दिले होते. "दोन्ही," तो कुजबुजला.

"दोन्ही कसं?"

"खालचं सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत खरं होतं. वरचं त्यानंतर खरं झालं."

सासऱ्यांनी हात काढला आणि तेच वाक्य, जरा भारदस्त आवाजात, फोनमध्ये सांगितले.

"हे फार छान आहे," बाई म्हणाल्या. "उद्याच्या लेखाची सुरुवात ह्यानेच करा. पण आज पान बारालाच सोडायचंय हं. पाऊण तास आहे."

तपासनिसाने लॅपटॉप मांडीवर ओढला. सासऱ्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली आणि त्याची बोटे भराभर चालू लागली. तीन परिच्छेद झाले. बारा वाजायला दहा मिनिटे होती. चौथ्या परिच्छेदात सासरे अचानक थांबले आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"थांबा हो. हे आपण दुसऱ्या परिच्छेदात म्हटलंय त्याच्या अगदी उलट होतंय. वर जाऊन बदला बघू."

"राहू द्या हो बाबा," तपासनीस मान वर न करता म्हणाला. "वेळ कुठाय? पुढचं सांगा."